परिषद जळगावात, विषयपत्रिका कुणाची?

मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरची, एखादी मोठी परिषद मुंबई-पुणे-बंगळूर सोडून जळगावात घ्यावी आणि तिच्यातला एक सबंध दिवस, म्हणजे एक पूर्ण ट्रॅक, लिबरऑफिस या एकाच प्रकल्पाला, म्हणजे पत्रं-तक्ते करायच्या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरला, द्यावा, असा विषय आमच्या बैठकीत अधूनमधून निघतो. निघतो आणि विरतो. जागेची अडचण नाही. विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, मुंबईहून रात्री गाडीत बसलं की सकाळी जळगाव. पैशाचीही म्हणावी तितकी नाही. गाडं अडतं ते वेगळ्याच जागी. विषय निघाल्यापासून दहा मिनिटांत वहीत वक्त्यांची नावं पडायला लागतात. पुण्याचे अमुक, बंगळूरचे तमुक, उद्घाटनाला कुलगुरू मिळतात का बघा. गोलाणी मार्केटमध्ये सकाळी शटर वर करून रात्री नऊपर्यंत लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या माणसाचं नाव त्या वहीत कधी येत नाही. शाळेची हजेरीपत्रकं संगणकावर करणारे गुरुजी नाहीत, सोसायटीचा गटसचिव नाही. दिवसभर हे सॉफ्टवेअर किंवा याच्यासारखं दुसरं वापरणारे लोक ते आहेत, आणि आपण त्यांना श्रोत्यांच्या खुर्च्यांत मोजतो.

परिषद खान्देशात आणायची असेल तर तिच्या सत्रांचे विषय इथल्या कामातून निघाले पाहिजेत, आणि कुठलं सत्र ठेवायचं, कुठलं नाही, याचा निर्णय इथल्या माणसांच्या हातात पाहिजे. हे जमणार नसेल तर ती खुशाल पुण्यात होऊ द्यावी. निदान पाहुण्यांचा प्रवास वाचेल.

आजवर आपल्याकडे या नावाने जे कार्यक्रम झाले त्यांची घडी ठरलेली आहे. फलक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. मग १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू या मुक्त संगणक-प्रणालीची घोषणा कशी केली, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कसं आणलं, याची गोष्ट. शेवटी प्रमाणपत्रं आणि सामूहिक फोटो. दीपप्रज्वलनाला माझा विरोध नाही. त्यानंतरच्या दीड तासाला आहे. एका महाविद्यालयात मला अशी मुलं भेटली की ज्यांनी ही गोष्ट दर वर्षी एकदा, अशी तीनदा ऐकली होती, आणि तोवर त्यांच्यापैकी एकानेही कुठल्या प्रकल्पाकडे साधा एक बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, नोंदवलेला नव्हता. मुलं हुशार होती. त्यांच्यासमोर कुणी काम ठेवलंच नव्हतं.

या कार्यक्रमांमागचं गृहीतक असं की इथे माहिती पोचलेली नाही, ती पोचवली की झालं. प्रत्यक्षात तंत्रज्ञान खान्देशात केव्हाच पोचलेलं आहे, कधीकधी सगळ्या देशाच्या आधी. आधारचे देशातले पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. पंतप्रधान त्यासाठी तिथे आले होते. विप्रोचा जन्म १९४५ साली अमळनेरात झाला, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. म्हणजे यंत्रणा राबवायला टेंभली चालतं आणि कारखाना काढायला अमळनेर चालतं. पण सॉफ्टवेअर कसं असावं, त्यात काय मोडलंय, आधी काय दुरुस्त करावं, हे ठरवायच्या टेबलापाशी खान्देशातला माणूस फारसा बसलेला नाही. ट्रॅक भरवायचाच तर तो या टेबलाचा भरवावा.

जागा बदलली की विषयपत्रिका बदलू शकते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूरला झालं. अध्यक्ष पंडित नेहरू. आपल्याकडे त्या अधिवेशनाची आठवण काढताना बांबूच्या कमानी, नंदलाल बोस यांची सजावट आणि लोटलेली गर्दी यांचंच वर्णन जास्त होतं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच वाटते. फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला. खंड, शेतसारा, कर्ज हे विषय थेट मांडले गेले. हा ठराव केवळ गावात मांडव घातल्यामुळे झाला असं कुणी म्हणणार नाही, त्यामागे किसान चळवळीचा रेटा होता. पण मांडव गावात आणि ठराव शहराचे, असं तिथे झालं नाही, एवढं तरी खरं. आपल्या परिषदांत नेमकं तेच होतं. केळीच्या पानाची कमान करायची, जेवायला भरीत वाढायचं आणि पडद्यावर बंगळूरला झालेलं सादरीकरण जसंच्या तसं लावायचं.

मग इथले विषय कोणते? एक जरा तपशिलात सांगतो, कारण परिषदेच्या बैठकीत हा तपशील कधी येत नाही.

जळगाव, धुळे, भुसावळच्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या गाळ्यांत वीस-पंचवीस वर्षांच्या फाइली पडून आहेत. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, गावकीच्या वर्गणीच्या याद्या, पतसंस्थांचे अहवाल, कवींनी स्वखर्चाने काढलेले संग्रह. त्यातल्या कितीतरी पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि बाकीच्या बऱ्याचशा कोरलड्रॉमध्ये. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. त्यानंतर ते सॉफ्टवेअर थांबलं, पण आपल्याकडची कामं थांबली नाहीत. जुना संगणक जपून ठेवायचा आणि त्यावरच चालवायचं, असं अजूनही चालतं. या फाइली उघडण्याची सोय लिबरऑफिसमध्ये आहे. २०१४ साली सुरू झालेल्या डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्टमध्ये पेजमेकरची, कोरलड्रॉची आणि अशाच इतर बंद स्वरूपांची कुलुपं उघडणाऱ्या लायब्ररी, म्हणजे कोडचे तयार संच, आहेत आणि लिबरऑफिस त्या वापरतं. ही बातमी गोलाणी मार्केटला अजून नीट पोचलेली नाही, हे एक. पण ती पोचवून काम संपत नाही, खरं तर तिथून सुरू होतं.

जुनी पत्रिका लिबरऑफिसच्या ड्रॉ या चित्रं काढायच्या भागात उघडा. चौकट येते, वेलबुट्टी येते, वरचा गणपती येतो. गणपतीच्या खाली 'श्री गजानन प्रसन्न' असायला हवं तिथे डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं, पौंडाची खूण आणि दोन-चार उलटी उद्गारचिन्हं दिसतात. कारण मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबीटीटी-सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये आहे. त्या काळी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, आपल्या हातात आलेलं नव्हतं, म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: एका घरात अर्धा श, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. फाँट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर कचरा, आणि फाँट असूनही त्यात शोधता काही येत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नाहीच.

इथे दोन कामं एकावर एक आहेत. फाइल उघडणं आणि आतला मजकूर युनिकोडमध्ये नेणं. पहिलं करणारे बहुतेक प्रोग्रामर दूर बसलेत. त्यांच्यापाशी कौशल्य आहे. श्रीलिपीतली पत्रिका मात्र त्यांनी कुठे पाहिली असणार? अशा कामात प्रोग्रामरला सगळ्यात जास्त हवे असतात नमुने, खऱ्या वापरातल्या, वेगवेगळ्या काळातल्या, वेड्यावाकड्या फाइली, आणि शेजारी त्याच फाइलीची छापील प्रत, म्हणजे कुठलं अक्षर काय असायला हवं ते कळतं. ही संपत्ती आपल्याकडे पोत्यांनी आहे. दुसरं काम, म्हणजे कुठल्या घरात कुठला तुकडा बसलाय याचा तक्ता करणं, हे तर त्या फाँटवर आयुष्य काढलेला टायपिस्ट तोंडपाठ सांगेल. त्याला सी-प्लस-प्लस येण्याची गरज नाही. ट्रॅकमधला अर्धा दिवस एवढ्यालाच द्यावा असं माझं मत आहे: दहा छापखान्यांच्या जुन्या फाइली, दहा टायपिस्ट, दोन-तीन प्रोग्रामर आणि एक लांबलचक टेबल. (जाता जाता: प्रकल्पाच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवायच्या संकेतस्थळावर, जोडलेली फाइल जगाला दिसते. पत्रिकेत मामाच्या गावापासून फोन नंबरापर्यंत सगळं असतं. नावं-नंबर बदलूनच ती वर चढवायची, आणि ज्याची फाइल त्याला आधी विचारायचं. हे नियम टेबलावर मराठीत छापून ठेवावेत.)

दुसरा विषय गुरुजींचा. वर्गाच्या याद्या वर्णानुक्रमे लावायच्या असतात. मराठी वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ बसलाय ल च्या शेजारी, आणि क्ष-ज्ञ यांना स्वतंत्र घरं नाहीत. ती क आणि ज यांची जोडाक्षरं. तेव्हा जो प्रोग्राम नुसते आकडे बघून क्रम लावतो, तो ज्ञानेश्वरला ज च्या रांगेत शेवटी उभा करतो आणि क्षितिजाला क च्या. भाषेप्रमाणे क्रम लावायचे नियम युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यात ठेवलेले असतात आणि अनेक प्रोग्राम ते तिथून घेतात. कुठल्या प्रोग्राममध्ये कुठल्या सेटिंगला मराठी यादी बरोबर लागते, कुठे चुकते, हे शंभर खऱ्या नावांवर तपासून लिहून काढणं हे दोन तासांचं काम आहे आणि ते करायला शिक्षकापेक्षा योग्य माणूस नाही.

तिसरा विषय माझ्या जिव्हाळ्याचा: शुद्धलेखन तपासनीस. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स त्यासाठी हन्स्पेल वापरतात. हे मूळचं हंगेरियन भाषेसाठी लिहिलेलं, कारण तीही आपल्यासारखी प्रत्ययांची भाषा, आणि नुसत्या शब्दांच्या यादीने तिचं भागत नाही. हन्स्पेलला दोन फाइली लागतात. एकीत शब्द आणि प्रत्येकापुढे नियमाची खूण. दुसरीत ते नियम. आता 'कापूस' घ्या. कापूसला असं कुणी म्हणत नाही, कापसाला म्हणतो. तेव्हा नियम असा: शब्दाच्या शेवटी 'ूस' असेल तर ते काढ आणि 'साला' लाव. कापूस-कापसाला, माणूस-माणसाला, झकास. पण पाऊस? तिथे ऊ स्वतंत्र अक्षर आहे, वर मध्ये व येतो, पावसाला. नियम दुसरा. ऊस-उसाला, तिसरा. आणि हा पहिला नियम जासूसला लावला तर 'जाससाला' असा चमत्कार बाहेर पडतो, म्हणजे अपवाद. अशा प्रत्येक नियमापुढे परत ला, ने, त, तून, साठी, वरचा, खालच्या असा गोतावळा. हे काम प्रोग्रामिंगचं कमी आणि व्याकरणाचं जास्त आहे. खान्देशातल्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, सामान्यरूपं शिकवणारे प्राध्यापक आहेत, प्रकल्पासाठी विषय शोधणारी एम.ए.ची मुलं आहेत. त्यांना आजवर संगणकाच्या परिषदेला बोलावलं ते सूत्रसंचालनासाठी.

असे विषय ठरवणार कोण, हा खरा वादाचा मुद्दा. बहुतेक परिषदांत प्रस्ताव मागवले जातात, एक समिती ते वाचते, गुण देते आणि यादी लावते. समितीतले लोक अनुभवी असतात आणि बहुतेकदा प्रामाणिकही, पण त्यांच्यासमोर येतं ते इंग्रजीतलं तीनशे शब्दांचं टिपण. चांगलं टिपण लिहिता येणं आणि चांगलं काम येणं या दोन गोष्टी आहेत. ब्रसेल्सला दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमाराला फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद भरते. विद्यापीठाच्या आवारात, प्रवेशशुल्क नाही, नावनोंदणी नाही. तिथे आयोजक वेगवेगळ्या प्रकल्पांना आणि विषयांना खोल्या देतात आणि खोलीतला कार्यक्रम त्या त्या खोलीची माणसं ठरवतात. हीच रीत एक पाऊल पुढे नेऊन खोली प्रकल्पाच्या आणि गावाच्या माणसांकडे मिळून द्यावी. निवड समितीत निम्म्याहून अधिक लोक जळगाव-धुळे-नंदुरबारचे, त्यातले किमान दोघे प्रोग्रामर नसलेले. प्रस्ताव मराठीत चालेल, अहिराणीत चालेल, फोनवर तोंडी सांगितलेला कुणीतरी लिहून घेतलेला चालेल. दुरून येणाऱ्याने भाषणाचा विषय पाठवू नये; 'मी अमुक भागावर काम करतो, त्यातला तुमचा त्रास घेऊन बसा' एवढं लिहून पाठवावं.

यावर आमच्यातलेच लोक म्हणतात, याने दर्जा घसरेल. दर्जा कशाने मोजायचा ते आधी सांगा. भाषण रंगलं, फोटो चांगले आले, तीनशे नोंदण्या झाल्या, हा दर्जा असेल तर हो, घसरेल. नुसते आकडे मोजल्यावर काय होतं ते २०२० साली हॅक्टोबरफेस्टने दाखवलं. ठरावीक संख्येने बदल सुचवले की टी-शर्ट, अशी ती योजना. त्या वर्षी निरर्थक बदलांचा असा पूर आला की प्रकल्प चालवणारे वैतागले आणि आयोजकांना महिन्याच्या मध्येच नियम बदलून, प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच त्याला धरायचं, असं करावं लागलं. आपल्या मुलांना मी दोष देत नाही. प्रमाणपत्र मोजणाऱ्या व्यवस्थेत वाढलेला मुलगा प्रमाणपत्रच मोजणार. म्हणून या ट्रॅकला प्रमाणपत्र नसावं, असं माझं आडमुठं मत आहे. नोंदवलेल्या बगचा क्रमांक आणि त्याखाली मुलाचं नाव हे सगळ्या जगाला कायम दिसतं, आणि नोकरीच्या मुलाखतीत ते कागदापेक्षा जड पडतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बगझिलावर सगळं इंग्रजीत चालतं, गेरिट या संकेतस्थळावर पॅचची, म्हणजे कोडमधल्या सुचवलेल्या बदलांची, तपासणी इंग्रजीत, मग मराठीत ट्रॅक घेऊन ही माणसं पुढे काय करणार? हे खरं आहे आणि एका दिवसात बदलणारं नाही. उपाय मात्र साधा आहे. प्रत्येक टेबलावर एक लेखनिक ठेवायचा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी, जिला इंग्रजी लिहिता येतं. टायपिस्ट मराठीत सांगेल, ती बग इंग्रजीत लिहील: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठली आवृत्ती. तिला बग कसा लिहावा ते कळेल, टायपिस्टचा त्रास नोंदीत जाईल. अशा जोड्या परिषद संपल्यावरही टिकतात का हे बघण्यासारखं आहे. मला वाटतं निम्म्या टिकतील, कारण कॉलेजच्या मुलांना छपाईचं काम सारखंच पडतं आणि गाळेवाल्याला संगणक समजणारं कुणीतरी सारखंच लागतं.

आता तारीख. मे महिना कुणी सुचवू नये. भुसावळचा उन्हाळा पाहुण्यांना दाखवण्याची गोष्ट नाही, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा घरचा माणूस हॉलमध्ये बसणार नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, छापखानेवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. पण मध्ये पौष येतो. पौषात आपल्याकडे सहसा लग्नं काढत नाहीत, पत्रिकांची कामं मंदावतात, हवा गार, बाजारात भरताची वांगी. आणि योगायोग असा की लिबरऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात, एक फेब्रुवारीच्या आणि एक ऑगस्टच्या सुमाराला. फेब्रुवारीच्या आवृत्तीतला इंग्रजी मजकूर डिसेंबरच्या आसपास गोठवतात, म्हणजे त्यानंतर भाषांतर करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकत नाही. पौषात जळगावात बसून वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर मराठी भाषांतर सुधारलं, तर ते फेब्रुवारीत लोकांच्या संगणकावर दिसू शकतं. कोडमधले मोठे बदल ऑगस्टला जातील, जाऊ द्या. पंचांग आणि प्रकल्पाचं वेळापत्रक एवढं जुळत असताना आपण परिषदेच्या तारखा मात्र प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने ठरवतो.

तयारीचं थोडक्यात. लिबरऑफिसचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कित्येक जीबीचा आहे आणि साध्या लॅपटॉपवर पहिल्यांदा त्याचं बिल्ड करायला, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करायला, तासन्‌तास लागतात. साठ मुलांनी एकाच वाय-फायवर एकाच वेळी ते उतरवायला घेतलं की दिवस तिथेच संपला. आदल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चार-सहा संगणकांवर बिल्ड करून ठेवावं, बाकीच्यांना पेन ड्राइव्हवर द्यावं. ज्यांना कोड लिहायचं नाही त्यांनी बिल्डच्या नादी लागूच नये. सकाळच्या पहिल्या दोन तासांत काय असतील ती भाषणं, प्रत्येकी वीस मिनिटं. भरीत-पुरी आणि वर ताक झाल्यावर भाषण ठेवणारा आयोजक या मुलखातला नसणार. दुपार सगळी टेबलांची.

अहिराणीचा विषय निघणारच, आणि इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली १८ लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. अहिराणीला आयएसओ ६३९-३ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःची संज्ञाही आहे, एएचआर. एवढं म्हटलं की कुणीतरी टाळ्यांसाठी घोषणा करतो की आपण लिबरऑफिस अहिराणीत आणू. इंटरफेसमधला मजकूर हजारो ओळींचा, दर सहा महिन्यांनी त्यात भर. पहिल्या पन्नास ओळींचं भाषांतर उत्साहात होईल, बातमी येईल, मग ते तसंच पडून राहील आणि पुढे कुणी प्रयत्न केला तर त्याला आधीचं अर्धवट निस्तरावं लागेल. मेनूवरचं 'फाइल' अहिराणीत काय म्हणावं, यापेक्षा अहिराणीत लिहिणाऱ्याचं 'काय करी ऱ्हायना' हे नीट उमटतं का, हे आधी बघा. त्या 'ऱ्हा'मधला आडवा रफार ही मराठी-अहिराणीची खास गरज. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेला रूपांतरक इथे अडखळतो, रफार डोक्यावर चढवतो आणि शब्दाची वाट लावतो. अहिराणीची शब्दयादी, तिचे प्रत्यय, तिच्या लेखनाच्या दोन-तीन चालींपैकी कुठल्या स्वीकारायच्या याचा खल, एवढं एका ट्रॅकमध्ये सुरू झालं तरी पुष्कळ. केरळात स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगचे लोक २००२ पासून फाँट, शब्दयाद्या, कळफलक असली बिनटाळ्यांची कामं करत आले. आज मलयाळम वाचणारा त्यांचे फाँट वापरतो आणि बऱ्याचदा त्याला ते कुणाचे आहेत हे ठाऊकही नसतं. आणि नंदुरबारच्या पावरी, भिली या भाषांबद्दल जळगावच्या समितीने ठरवू नये. धडगाव-अक्कलकुव्याची माणसं समितीत घ्यावीत आणि त्यांचा प्रवासखर्च बंगळूरच्या पाहुण्याच्या आधी मंजूर करावा. अंतर किलोमीटरने कमी दिसतं, पण सातपुड्यातून जळगावला वेळेवर पोचायला एक मुक्काम लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी किंवा रजा जाते ती वेगळीच.

पैशाबद्दल एकच अट. प्रायोजकाकडून पैसे घ्यावेत, फलक लावावा, आभार मानावेत, पण पैशाच्या बदल्यात सत्र देऊ नये. पाइपवाला असो, डाळमिलवाला असो की सॉफ्टवेअर कंपनी. एकदा एक सत्र विकलं की पुढच्या वर्षी समितीला कुणी विचारत नाही.

राहता राहिली प्रकल्पाकडून घ्यायची गोष्ट, आणि ती आमंत्रण स्वीकारायच्या आधी लेखी घ्यावी. टेबलांवरून निघालेल्या बगांना तीन महिन्यांत प्रकल्पातल्या जाणत्या माणसाने निदान एकदा उत्तर द्यायचं, मग ते 'हे होणार नाही, कारण अमुक' असं असलं तरी चालेल. नमुना फाइली तपासणीच्या संचात घ्यायच्या, म्हणजे उद्या कुणाच्या बदलाने श्रीलिपीची पत्रिका परत मोडली तर ते त्याच दिवशी कळेल. आणि मराठी भाषांतर तपासून मंजूर करण्याचे अधिकार वर्षभराच्या आत खान्देशातल्या किमान दोघांना मिळावेत. अर्थात त्यांनी तेवढं काम करून दाखवल्यावर. शेवटच्या मुद्द्यावर बोलणी अडली तर अडू द्यावीत. हॉलचं बुकिंग तोवर करू नये, आणि कुलगुरूंची वेळ तर मुळीच मागू नये.